हिपॅटायटिस सी: कार्डवर रेघ उमटली म्हणजे रुग्ण सापडला असं नसतं

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या जिल्हा पानावर बातमी आली होती, तालुक्याच्या शिबिरात हिपॅटायटिस सी चे एवढे एवढे ‘रुग्ण’ सापडले, गावात खळबळ वगैरे. त्या बातमीनंतर दोन दिवस माझ्या लॅबमध्ये रांग होती. तपासायला आलेले कमी आणि चौकशीवाले जास्त, आमच्या गल्लीतला अमका त्या यादीत आहे म्हणे, त्याच्या घरी पाणी प्यायलो होतो, आता काय करायचं. पाण्यातून पसरते ती ए आणि ई ची कावीळ, सी रक्तातून पसरते, हे सांगून सांगून घसा बसला माझा. आणि गंमत म्हणजे त्या यादीतल्या किती जणांना खरोखर आजार आहे हे त्या शिबिरवाल्यांनाही त्या दिवशी माहीत नव्हतं, असणं शक्यच नव्हतं, कारण तिथे झालेली टेस्ट ते सांगतच नाही.

मी डीएमएलटी, म्हणजे लॅबच्या कामाचा डिप्लोमावाला आहे, २३ वर्षं झाली रक्त काढतोय, सुरवातीला सरकारी दवाखान्यात कंत्राटी होतो, मग एसटी स्टँडच्या मागे स्वतःची छोटी लॅब टाकली. डॉक्टर नाही, त्यामुळे गोळ्या-औषधाचं ज्ञान पाजळत नाही. पण कुठली टेस्ट काय दाखवते आणि आमच्यासारख्या ठिकाणी ती कुठे अडकते हे रोज बघतो, म्हणून लिहितोय. जरा लांब होईल, सांभाळून घ्या.

शिबिरात होते ती कार्ड टेस्ट. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर टाकायचा, वरून बफरचे दोन-तीन थेंब, आणि वीस मिनिटं थांबायचं. एक रेघ आली तर निगेटिव्ह, दोन आल्या तर रिॲक्टिव्ह, म्हणजे पॉझिटिव्ह. ही टेस्ट व्हायरस शोधत नाही. व्हायरस अंगात शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, ती शोधते. आता असं बघा, चोरी झाली की पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला जातो, फाईल बनते. चोर अजून गावात आहे का कधीच पळाला ते फाईल बघून कळत नाही, फाईल कपाटात तशीच राहते वर्षानुवर्षं. अँटिबॉडीचं तेच. दहा जणांच्या अंगात हा व्हायरस गेला तर साधारण तिघांचं शरीर पहिल्या सहा महिन्यांत त्याला स्वतःच हाकलून देतं, काही औषध न घेता. उरलेल्या सातांच्या लिव्हरमध्ये तो मुक्काम ठोकतो, वीस-तीस वर्षं गपचूप, आणि मग त्यातल्या काहींना एक दिवस सिरॉसिस, म्हणजे लिव्हर निबर होणं, नाहीतर कॅन्सर. पण कार्डवर रेघ दहाच्या दहा जणांची येणार. आणि औषध घेऊन खडखडीत बरा झाला त्याचीही येणार, बहुधा आयुष्यभर.

यात भर म्हणजे खोटे पॉझिटिव्ह. कागद-पेन घेऊन बसा. १००० लोकांचं शिबिर धरा, साधं गाव, त्यातल्या ५ जणांच्या रक्तात खरोखर अँटिबॉडी आहे असं समजू. किट चांगलं आहे, १०० निरोगी लोकांत ९९ ना बरोबर निगेटिव्ह म्हणतं. मग उरलेल्या ९९५ मधून जवळपास १० जणांना ते चुकून पॉझिटिव्ह म्हणणार. म्हणजे रेघा आल्या १५, त्यात खऱ्या ५, आणि त्या पाचातले एक-दोन आपोआप बरे झालेले. अंगात व्हायरस असलेले उरले तीन किंवा चार. आणि बातमीत छापून येणार पंधरा रुग्ण! तेच किट मणिपूरमध्ये सुईने नशा करणाऱ्यांच्या केंद्रावर न्या, तिथे हजारात समजा ४०० जणांना लागण झालेली असेल, तर खोटे पॉझिटिव्ह फक्त सहा येतील, चारशेच्या ढिगात ते दिसणारही नाहीत. किट तेच, कंपनी तीच, माणसं बदलली की रेघेचा अर्थ बदलला. ‘९९ टक्के अचूक’ असं पाकिटावर छापलेलं असतं ना, ते वाचून मोठमोठे लोक फसतात इथे.

या रेघेपायी एका माणसाचं काय झालं ते सांगतो. आमच्याकडचा एक रिक्षावाला, सरकारी योजनेतून तीन महिने गोळ्या घेतल्या, नंतरचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तात व्हायरस आहे का ते बघणारी टेस्ट, ‘नॉट डिटेक्टेड’, म्हणजे बरा झाला, विषय संपला. वर्षभराने हर्निया निघाला. एका खाजगी दवाखान्यात ऑपरेशनच्या आधी तीन कार्डं करतात तशी केली, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी. सी ची रेघ आली, यायचीच होती. लगेच सूर बदलला, आमच्याकडे जमणार नाही, जमवायचं असेल तर ऑपरेशनला वेगळं किट लागेल, वेगळा खर्च, शेवटचा नंबर लावू. तो बिचारा जुना रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन फिरत होता, कुणी उघडून बघेना. माझ्याकडे आला आणि म्हणला, दादा, मी बरा झालोय का नाही तेवढं एका कागदावर मराठीत लिहून द्या. मी काय लिहून देणार, माझ्या सहीला कोण विचारतंय.

बरं, कार्ड टेस्ट वाईट आहे असं मी म्हणत नाही, माझ्या घड्याळात रोज त्याची वीस मिनिटं लागलेली असतात. शंभर रुपयांच्या आत येतं, वीज नको, मशीन नको, आशाताईसुद्धा शिकवल्यावर करू शकते. हा व्हायरस सापडला १९८९ मध्ये, तोपर्यंत डॉक्टर लोक त्याला ‘नॉन-ए नॉन-बी’ म्हणत होते, म्हणजे ए नाही बी नाही, मग काय आहे ते देव जाणे! शोधणाऱ्यांना २०२० चं नोबेल मिळालं. आपल्या रक्तपेढ्यांत तर ही तपासणी सक्तीची व्हायलाच २००१-०२ उजाडलं, त्याआधी ज्यांना रक्ताच्या बाटल्या चढल्या त्यांनी एकदा तपासून घ्यावं हे आता सांगतो. गावोगावी सुया उकळून वापरणारे होते तो काळ आठवा, जत्रेत एकाच सुईने अख्ख्या रांगेला गोंदणारे आठवा. या सगळ्या लोकांपर्यंत पोचायचं तर कार्डाशिवाय इलाज नाही. चाळणी म्हणून ते उत्तम आहे, फक्त चाळणीत राहिलेलं सगळं धान्यच असतं असं समजू नका.

कार्डाकार्डातही फरक आहेत बरं का, टेंडर काढणाऱ्यांना ते दिसत नाहीत. काही किट बोटाच्या रक्तावर चालतात आणि ३० डिग्रीपर्यंत कपाटात राहतात. काहींना सिरम लागतं, म्हणजे आधी शिरेतून रक्त काढा, सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवा, वरचं पाणी वेगळं करा. दिल्लीच्या जे. मित्रा कंपनीचं ट्राय-डॉट आपल्याकडे खूप चालतं, त्याच्यात रेघेऐवजी ठिपके येतात आणि निकाल दोन-तीन मिनिटांत मिळतो, लॅबमध्ये मस्त आहे, पण ते फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीला ठेवायचं आणि सिरमवर करायचं. माझ्या लॅबमध्ये मला चालतं. तेच खोकं जीपमध्ये टाकून मे महिन्यात बेचाळीस डिग्रीत तांड्यावर घेऊन गेलात तर मग बोलायलाच नको. ओराक्विक नावाची एक टेस्ट आहे, ती हिरडीवरून काडी फिरवूनही होते, सुईच नको, तिच्या घरच्या घरी करायच्या आवृत्तीला जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्यता दिली. सुईला घाबरणाऱ्यांसाठी आणि ज्यांना दवाखान्याच्या दारात उभं राहायची लाज वाटते त्यांच्यासाठी ही सोय मला आवडली. पण तीही शेवटी अँटिबॉडीच बघते, तिच्यानंतरही दुसरी टेस्ट आहेच.

आणि वेळ! पट्टीवर ठरलेल्या वेळेतच रेघ वाचायची. त्या वेळेत फिकी जरी आली तरी पॉझिटिव्ह धरायची, आणि वेळ टळल्यावर कितीही ठळक आली तरी धरायची नाही. हे मी अनुभवाने शिकलो, म्हणजे चुकून शिकलो. दहा-बारा वर्षांपूर्वी एकदा लाईट गेली, बाहेर सहा पेशंट, मी इन्व्हर्टरची वायर हलवत बसलो आणि कार्ड टेबलावर तसंच राहिलं. पाऊण तासाने टॉर्च मारून बघितलं तर दुसरी रेघ, फिकी, पण रेघ. लिहिलं रिॲक्टिव्ह. बाई बाळंतपणाला आलेली, नवव्या महिन्यात. तिच्या सासूने तिला तिथेच खुर्चीवर बसल्या बसल्या काय काय ऐकवलं ते मला आजही आठवतं. दुसऱ्या दिवशी मला राहवलं नाही, घरी जाऊन परत रक्त आणलं, नव्या कार्डवर वेळ लावून केली, स्वच्छ निगेटिव्ह. रिपोर्ट बदलून दिला, माफी मागितली, सासूने चहासुद्धा दिला. पण ती बाई परत माझ्या लॅबमध्ये कधी आली नाही. तेव्हापासून भिंतीवर खिळा ठोकून वीस रुपयांचं टायमर लटकवलंय.

आता दुसऱ्या टेस्टकडे येतो, खरं पाणी इथे मुरतंय. व्हायरस अंगात आत्ता आहे का, हे सांगणारी टेस्ट म्हणजे त्याचा आरएनए, व्हायरसच्या आतलं जनुकीय द्रव्य, शोधणारी, लोक जिला पीसीआर किंवा व्हायरल लोड म्हणतात. मोठ्या शहरातल्या लॅबची पीसीआर सगळ्यात बारीक, रक्तात अगदी थोडे व्हायरस असले तरी पकडते. प्रश्न आहे तो रक्त तिथपर्यंत पोचायचा. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये रक्त घ्या, त्याच दिवशी फिरवून प्लाझ्मा वेगळा करा, बर्फाच्या डब्यात ठेवा, एसटीच्या कंडक्टरला नाहीतर कुरिअरच्या पोराला द्या, जिल्ह्याला गेलं, तिथून मेडिकल कॉलेजला गेलं, तिथे भरपूर सॅम्पल जमल्यावर एकदम लावणार कारण एक-एक लावणं परवडत नाही. रिपोर्ट उलट्या वाटेने परत. खाजगीत करायची तर काही हजार रुपये, कोण करतो?

ऊसतोडीचा एक गडी होता. नवरात्राच्या आधी शिबिरात कार्ड पॉझिटिव्ह आलं, तिथेच रक्त घेऊन वर पाठवलं, व्यवस्थित, कुणाची चूक नाही. रिपोर्ट आला तीन आठवड्यांनी, ‘डिटेक्टेड’. तोपर्यंत दसरा होऊन टोळी निघालेली, मुकादमाची उचल घेतलेली, गडी कोल्हापूरकडच्या फडात. फोन बंद. आता मुकादमाला फोन करून काय सांगणार, तुझ्या कोयत्याला हिपॅटायटिस आहे? दुसऱ्याच दिवशी त्याला टोळीतून काढला असता. पाडव्यानंतर तो परत आला तेव्हा मागचा कागद सापडेना म्हणून परत पहिल्यापासून, परत कार्ड, परत ट्यूब, परत बर्फाचा डबा. जूनमध्ये गोळ्या सुरू झाल्या, बारा आठवडे इमानदारीत घेतल्या. पण बरा झाला का हे बघणारी टेस्ट गोळ्या संपल्यावर आणखी बारा आठवड्यांनी करायची असते, आणि तोपर्यंत परत दसरा. तो आता फडातच आहे. बहुतेक बरा असेल, या गोळ्यांनी शंभरात पंच्याण्णव बरे होतात. पण कागदावर तो अजून लटकलेलाच.

त्याच्या बाबतीत शहरातल्या पीसीआरची बारीक नजर काय कामाला आली? टेस्ट अचूक होती, माणूसच हातातून निसटला. म्हणून कुठली टेस्ट सगळ्यात चांगली असं मला कुणी विचारलं तर मी आधी विचारतो, निकाल लागेपर्यंत पेशंट कुठे असणार आहे?

याच्यावर उपाय म्हणून जी मशीन आहेत ती आपल्याकडे आधीच आहेत हो! टीबीसाठी तालुक्या-तालुक्याला सीबीनॅट आणि ट्रूनॅट बसवलेत, कोविडमध्ये तर त्यांची नावं पानवाल्यालाही पाठ झाली होती. सीबीनॅट म्हणजे जीनएक्सपर्ट, अमेरिकन कंपनीचं मशीन. त्याच्यात हिपॅटायटिस सी चं वेगळं काडतूस, म्हणजे त्या टेस्टची डबी, टाकलं की झालं. जुन्या काडतुसाला १ मिली प्लाझ्मा लागतो आणि पावणेदोन तास. नवीन काडतूस बोटाच्या रक्तावर चालतं, १०० मायक्रोलिटर, म्हणजे दोन-तीन टपोरे थेंब, आणि तासाभरात निकाल. सेंट्रीफ्यूज नाही, एसटी नाही, कंडक्टर नाही. याच तासाभराच्या टेस्टला अमेरिकेत परवानगी मिळाली ती जून २०२४ मध्ये, म्हणजे आपण फार मागे पडलोय असंही नाही. काम सोपं, रक्त टाका, झाकण लावा, आत सरकवा. पण मशीनला एसी लागतो, ३० डिग्रीच्या वर ते कुरकुरतं, दमदार यूपीएस लागतो, वर्षाला कॅलिब्रेशन लागतं आणि काडतूस महाग आहे.

ट्रूनॅट आपलं, गोव्यात वेर्ण्याला मोलबायो कंपनी आहे तिचं. बॅटरीवर चालतं, एसीवाचून अडत नाही, सुटकेसमध्ये घालून नेता येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी घडवल्यासारखंच. त्याच्यावरही हिपॅटायटिस सी ची चिप आहे. मात्र इथे काम दोन टप्प्यांत आहे, आधी एका यंत्रात आरएनए वेगळा काढायचा आणि मग पिपेटने मोजून चिपवर टाकायचा, त्यामुळे हात बसलेला टेक्निशियन पाहिजे. सीबीनॅट कुणीही चालवेल, ट्रूनॅटला हात लागतो, असं आमच्या लायनीतली पोरं म्हणतात ते खरंय. तरी मला निवडायला सांगाल तर जिथे लाईटचा भरवसा नाही तिथे ट्रूनॅट, आणि ग्रामीण रुग्णालयात जिथे एसीची खोली आधीच आहे तिथे सीबीनॅट. आमच्याकडे कुठली परिस्थिती आहे ते महावितरणला विचारा.

लोक म्हणतात टीबीचं मशीन टीबीसाठी, त्याला हात लावू नका. अहो, चार खाने असतात त्या सीबीनॅटला, चारही वेगवेगळे चालतात, दोनात टीबीचं बेडकं आणि तिसऱ्यात हिपॅटायटिसचं रक्त एकाच वेळी चालू शकतं. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही, जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचना बदलल्या तेव्हा जागच्या जागी आरएनए टेस्ट करायचा पर्याय स्पष्ट मान्य केलाय. अडचण वेगळीच आहे. टीबीचं बजेट एका खात्याचं आणि हिपॅटायटिसचं दुसऱ्या, रजिस्टर वेगळी, काडतुसांचं इंडेंट वेगळं, सही वेगळ्या साहेबाची. रक्ताच्या थेंबाला हे खातं कसं कळणार!

अजून दोन पर्याय पटकन सांगतो. एक कोअर अँटिजेन, म्हणजे व्हायरसचा स्वतःचा तुकडा शोधणारी टेस्ट. पीसीआरपेक्षा स्वस्त पडते, तासाच्या आत होते, पण मोठं ॲनालायझर लागतं, अर्थात जिल्ह्याच्या गावालाच. ज्यांच्या रक्तात व्हायरस फार कमी आहे, मिलीलिटरला साधारण हजार ते तीन हजार युनिटच्या खाली, ते तिच्यातून निसटतात. ऐकून लगेच नाक मुरडू नका, जुनाट आजार असलेल्या बहुतेक पेशंटच्या रक्तात लाखांनी व्हायरस असतो, खाली असणारे शंभरात तीन ते पाच. आणि तीन आठवड्यांच्या रिपोर्टमध्ये आपण शंभरात किती घालवतो ते मोजलंय का कुणी? आमच्या तालुक्यात मी बघतो तर तीन-पाचावर ते नक्की थांबत नाही.

दुसरा पर्याय वाळलेल्या रक्ताचा. जाड टीपकागदासारख्या कार्डवर पाच गोल छापलेले असतात, बोटाच्या रक्ताने ते भरायचे, सावलीत काही तास वाळवायचे, मग ओल शोषणाऱ्या पुडीसकट झिपच्या पाकिटात घालून आरएनए बघणाऱ्या लॅबला पोस्टाने पाठवा, बर्फ नको. एचआयव्ही असलेल्या आयांच्या बाळांसाठी आपल्या देशात हे २०१० पासून होतंय, नवीन काही नाही. गडचिरोली, नंदुरबारच्या पाड्यांसाठी मला हे सगळ्यात व्यवहार्य वाटतं. रक्त कमी असल्यामुळे थोडी धार कमी होते टेस्टची, आणि पावसाळ्यात वाळवणं म्हणजे पापड वाळवण्यासारखंच, एक डोळा आभाळाकडे ठेवून.

सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही हेही खरं. डायलिसिसवाले पेशंट घ्या. त्यांच्यातल्या काहींची प्रतिकारशक्ती इतकी दबलेली असते की अंगात व्हायरस असूनही अँटिबॉडी नीट बनत नाही, कार्ड निगेटिव्ह येतं आणि तोच माणूस आठवड्यातून तीनदा रक्ताच्या मशीनला जोडला जातो. तिथे स्वस्तातलं कार्ड करून समाधान मानणं मला धोक्याचं वाटतं, तिथे थेट आरएनए हवी. तसंच नुकती लागण झालेले, अँटिबॉडी यायला दोन-अडीच महिने जातात, आरएनए एक-दोन आठवड्यांतच दिसतो. सुईने नशा करणाऱ्यांमध्ये हा फरक मोठा आहे. बाकी आम जनतेला आधी कार्ड, आणि रेघ आली तरच पुढची.

हे जमतं का असं विचाराल तर जमलेलं आहे. इजिप्तची गोष्ट मला फार लागते. तिथे १९५० ते ८० च्या काळात सरकारनेच बिल्हार्झिया नावाच्या जंताच्या आजारावर गावोगाव इंजेक्शनं दिली, काचेच्या सिरिंज पुरेशा न उकळता पुन्हा पुन्हा वापरल्या आणि अख्ख्या देशात हिपॅटायटिस सी पेरला. मग त्याच सरकारने ऑक्टोबर २०१८ पासून सातेक महिन्यांत जवळजवळ ५ कोटी लोकांची बोटं टोचली. कार्ड अर्ध्या डॉलरच्या थोडं वर, पीसीआर पाच डॉलरच्या आत, आणि बारा आठवड्यांच्या गोळ्या ४५ डॉलर. कार्डवर ४.६ टक्के पॉझिटिव्ह आले, त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांतच व्हायरस सापडला. बघा, जिथे एवढा आजार पसरलेला तिथेसुद्धा चारातला एक ‘रुग्ण’ रुग्ण नव्हताच.

आपल्याकडे पंजाबने २०१६ मध्ये मोफत औषधं सुरू केली, जिल्हा रुग्णालयातल्या साध्या एमडी डॉक्टरांना चंदीगडच्या पीजीआय या मोठ्या सरकारी रुग्णालयातून व्हिडिओवर शिकवलं आणि ४८ हजारांवर रुग्णांवर उपचार केले, ९१ टक्क्यांहून जास्त बरे झाले. त्यानंतर २८ जुलै २०१८ ला केंद्राचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, टेस्ट आणि गोळ्या दोन्ही फुकट, महाराष्ट्रातही. या आजारावरच्या ज्या सोफोस्बुव्हिर औषधाची एक गोळी अमेरिकेत १००० डॉलरला निघाली ती आज आपल्याकडे सरकारी खिडकीवर फुकट मिळते, आणि आता जुन्यासारखं जीनोटाइप, म्हणजे व्हायरसचा प्रकार, बघायचीही गरज उरलेली नाही, त्याच गोळ्या सगळ्या प्रकारांवर चालतात. लिव्हर किती खराब झालंय त्याचा अंदाजही रक्तातलं एएसटी नावाचं लिव्हरचं एन्झाइम आणि प्लेटलेट यांच्या साध्या हिशोबावरून काढतात, तो हिशोब मी मोबाईलवर करून देतो. म्हणजे औषध आहे, पैसे आहेत, मशीनही आहे. तरी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये भारतातले ५५ लाख लोक हा व्हायरस घेऊन फिरत होते आणि त्यातल्या बहुतेकांना पत्ताच नव्हता. लोक अजून आमच्या इथे पितळेच्या ताटात चुन्याचं पाणी करून हातावर कावीळ ‘उतरवून’ घेतात, पाणी पिवळं होतं, लोक खूश. चुन्याची ती करामत आहे, पण रिपोर्ट जागच्या जागी मिळतो हे मात्र मान्य करावं लागेल! आमच्या तीन आठवड्यांसमोर तो बाबा का जिंकतो, ते त्याच्यावरून कळतं.

तर तुम्हाला विनंती अशी की शिबिराची बातमी आली की तुमच्या वार्ताहराला दोन प्रश्न विचारायला सांगा. रेघ आलेल्यांपैकी किती जणांची आरएनए टेस्ट झाली, आणि निकाल किती दिवसांत हातात पडला. त्याचं उत्तर येईपर्यंत ‘रुग्ण’ हा शब्द छापू नका, ‘पुढील तपासणीची गरज असलेले’ लिहा, शब्द लांब आहे पण कुणाचं पाणी तरी बंद होणार नाही. आणि शिबिर घेणाऱ्यांना माझं सांगणं, सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवाल्या टेक्निशियनला त्या दिवशी आधीच सांगून ठेवा, कार्डवर रेघ आली की त्याच बोटातून परत रक्त घ्या, माणसाला चहा पाजून तासभर बसवा, निकाल हातात द्या आणि असेल आजार तर गोळ्यांच्या खिडकीपर्यंत कुणीतरी बरोबर जा. दसऱ्याच्या आधी.

आपला जुना वाचक,
एक लॅब टेक्निशियन, मराठवाडा
(नाव छापू नये, गिऱ्हाईक आणि साहेब दोन्ही सांभाळायचे असतात)

ता.क. पत्र मोठं झालंय, जागा नसेल तर इजिप्त कापलं तरी चालेल, ऊसतोडवाल्याचं तेवढं ठेवा. तो पेपर वाचत नाही, पण त्याची पोरगी आठवीत आहे आणि ती लॅबसमोरच्या हॉटेलात येऊन तुमचा पेपर वाचते.